नाक्यावरची वीस मिनिटे

आक्काला घेऊन आम्ही किनवटहून निघालो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. २०२२ चा जानेवारी महिना, हाडात शिरणारी थंडी. छातीत भरून आल्यासारखे होतेय म्हणून ती दुपारपासून कुरकुरत होती. संध्याकाळी डॉक्टरांनी कागद हातात दिला आणि म्हणाले, ‘थांबू नका, मोठ्या दवाखान्यात न्या.’ गावातली रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. मग ओळखीच्या एका मालकाची भाड्याची गाडी सांगितली. ड्रायव्हर माझा जुना विद्यार्थी. आठवीत भूगोलात दोनदा नापास झालेला हा पोरगा आता अर्ध्या देशाचे रस्ते तोंडपाठ सांगतो, हा भाग वेगळा.

हैदराबादच का, नांदेड का नाही, असे वाचणाऱ्याला वाटेल. आक्काचा मुलगा तिकडे नोकरीला आहे, हे एक कारण. दुसरे असे की, आमच्या गावाचे निम्मे तोंड पहिल्यापासूनच तिकडे आहे. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचना झाली, आम्ही नांदेडला जोडले गेलो. पण सोयरिकी, कापसाचा बाजार आणि दवाखाना यांना कोणी तसे सांगितले नाही. म्हणून आदिलाबाद गाठायचे, तिथे ४४ नंबरच्या महामार्गाला लागायचे आणि निर्मल, कामारेड्डी करत पहाटे हैदराबाद. सारा मिळून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला. वाटेत रोलमामडा, गामजाल, इंदलवाई, भिकनूर असे टोलनाके. आमच्याकडच्या ड्रायव्हर लोकांना ही नावे वारकऱ्याला मुक्कामाची गावे पाठ असावीत तशी पाठ असतात.

यातल्याच एका नाक्यावर आम्ही अडकलो. कोणत्या, ते मुद्दाम लिहीत नाही. तसे ते कुठेही होऊ शकले असते.

गाडी रांगेत शिरली, वरच्या यंत्राखाली थांबली. एरवी बारीक आवाज होतो आणि दांडा वर जातो. त्या रात्री दिवा लालच राहिला. खिडकीतला पोरगा हिंदीत म्हणाला, ‘टॅग ब्लॅकलिस्ट आहे. रोख भरा. डबल.’

‘अरे, मालकानं नऊ वाजताच पाचशे टाकलेत,’ ड्रायव्हर म्हणाला.

‘इथे दिसत नाहीत.’

‘मेसेज आलाय त्याला.’

‘दाखवा.’

आता मेसेज दाखवायचा कसा? तो मालकाच्या फोनवर. मालक किनवटला गोधडीत. ड्रायव्हरने फोन लावला, नुसतीच घंटी. पुन्हा लावला. मागून ट्रकचे हॉर्न सुरू झाले. कोणीतरी म्हणाले गाडी मागे घ्या, बाजूच्या रांगेत लावा. मागे घ्यायला जागा नाही. हातातले यंत्र घेऊन एक जण आला, काचेला लावून पाहिले, मान हलवून गेला. मागच्या सीटवर आक्का डोळे मिटून पडलेली. तिच्या उशाखालच्या पिशवीत दवाखान्यात भरायचे पैसे होते. मी पिशवीला हात घातला तसा ड्रायव्हर म्हणाला, ‘सर, ते राहू द्या. तिकडं लागतील.’ त्याने स्वतःच्या खिशातून नोटा काढल्या, मोजून दिल्या, पावती घेतली आणि गाडी काढली. मी घड्याळ पाहिले. वीस मिनिटे गेली होती.

पुढच्या नाक्यावर तेच, फक्त तिथे वाद घालायला कोणाच्या अंगात त्राण नव्हते. आणि तिसऱ्या नाक्यावर तोच टॅग, तीच गाडी, तीच काच, आणि दांडा निमूटपणे वर! ड्रायव्हर आईबहिणीवरून काहीतरी पुटपुटला आणि लगेच मागे वळून म्हणाला, ‘माफ करा आक्का.’

आक्का वेळेत पोचली. तिच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली आणि आज ती ठणठणीत आहे, आम्हा सगळ्यांना धाकात ठेवून आहे. तेव्हा ही काही दुःखाची कहाणी नव्हे. पण ती वीस मिनिटे माझ्या डोक्यातून गेली नाहीत. भरलेले पैसे गेले कुठे होते? मास्तरकीची सवय, उत्तर मिळेपर्यंत प्रश्न सोडवत नाही.

काचेवरच्या त्या चिकटपट्टीत बॅटरी नसते, हे मला तोवर माहीत नव्हते. आत नखाएवढी चकती आणि तिच्याभोवती धातूची बारीक तार. नाक्यावरचे यंत्र रेडिओलहरी सोडते, त्याच लहरींच्या ऊर्जेवर ती चकती क्षणभर जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुन्हा झोपते. पैसे त्या पट्टीत नसतातच. ते असतात टॅग देणाऱ्या बँकेत. नाक्याची बँक वेगळी, टॅगची बँक वेगळी, आणि दोघींमध्ये निरोप्या म्हणून राष्ट्रीय देयके महामंडळाची यंत्रणा. ज्या टॅगमध्ये पैसे नाहीत किंवा ज्याची कागदपत्रे अपुरी, त्यांची एक यादी तयार होते आणि ती नाक्यानाक्यावर पोचवली जाते. यादी ताजी व्हायला वेळ लागला, की पैसे भरलेला माणूसही नाक्याच्या लेखी कफल्लकच. आमचे तसेच झाले असणार. आमच्या लहानपणी मनीऑर्डर निघालेली असायची आणि पोस्टमन यायचा असायचा, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की, पोस्टमनची वाट घरात बसून पाहता यायची.

या यादीवरून पुढेही बराच गोंधळ झाला. १७ फेब्रुवारी २०२५ पासून नवा नियम आला: नाक्यावर टॅग वाचला जाण्याआधी साठ मिनिटांहून जास्त वेळ तो काळ्या यादीत असेल आणि नंतर दहा मिनिटांतही सुटला नाही, तर व्यवहार नाकारायचा. लोक घाबरले. तेव्हा महामार्ग प्राधिकरणाने खुलासा केला, की राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांना टॅगची स्थिती आता त्या क्षणी कळते, त्यामुळे नाक्याला पोचण्यापूर्वी केव्हाही पैसे भरले तरी चालतील. काही राज्यमार्गांवर मात्र तेव्हा जुनीच पद्धत होती. म्हणजे आक्काला आम्ही तीन वर्षे उशिरा नेले असते तर... असो. असा विचार करू नये.

गावातली जुनी माणसे नाक्याला अजूनही ‘करोडगिरी’ म्हणतात. निजामाच्या राज्याचे जकातखाते ते करोडगिरी. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, तिथे इंग्रजांचा अंमल. त्यामुळे नदी ओलांडली की गाठोडे सोडून दाखवायचे. माझे आजोबा सांगत, नाक्यावरचा माणूस ओळखीचा निघाला तर विडा, नाही निघाला तर पैसा. नंतर सागवानासाठी जंगलखात्याचे नाके आले, आडवा बांबू आणि कंदील घेऊन बसलेला गार्ड. नगरपालिकेची जकात होती, ती १९९९ मध्ये गेली. नाका आमच्याकडे नवा नाही. नवे आहे ते नाक्यावर माणूस नसणे.

बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर सकाळी गाड्यावाले जमतात. आक्काला आणल्यानंतर मीही तिथे बसू लागलो. कापसाची गाडी घेऊन आदिलाबाद-नागपूर करणारा एक पन्नाशीचा ड्रायव्हर आहे. त्याने जुना काळ सांगितला. निघताना मालक वाटखर्चाचे पैसे मोजून द्यायचा. प्रत्येक नाक्याची पावती जपायची, रबर लावून गठ्ठा करायचा, परतल्यावर हिशेब. ‘आणि सर, खोटं कशाला बोलू,’ तो म्हणाला, ‘एखादा नाका चुकवून गावातल्या वाटंनं काढली गाडी, तर तेवढे चार पैसे लेकरांच्या वहीपेनाला व्हायचे. मालकालाबी ठाऊक होतं. तो डोळा झाकायचा.’

‘आणि आता?’

‘आता गाडी नाक्यातून गेली की त्याच्या फोनवर मेसेज पडतो. परवा फोन आला त्याचा. म्हणे, केळापूर सोडून किती वेळ झाला, दारोड्याचा मेसेज अजून का नाही? मी म्हटलं मालक, जेवलो, जरा आडवा झालो. म्हणे, एवढा वेळ?’

बाकीचे हसले. तो हसला नाही.

या टॅगचे जे काही कौतुक वा तक्रारी आपण वाचतो, त्या बहुतेक स्वतःची मोटार स्वतः चालवणाऱ्यांच्या असतात. त्यांच्या बाबतीत काच, फोन आणि पैसा तिन्ही एकाच माणसाचे. ज्याचा धंदाच गाडी हाकणे आहे त्याचे तसे नाही. काचेसमोर तो बसतो. पैसा मालकाचा आणि निरोप जातो मालकाला. टॅग चालला तर मालकाला कळते. नाही चालला तर ड्रायव्हरला ऐकून घ्यावे लागते.

पण त्याच टपरीवर मी दुसरी बाजूही ऐकली, आणि तीही खरी आहे. रोखीच्या काळात रात्री-बेरात्री खिशात नोटांचे पुडके घेऊन फिरायचे, म्हणजे जिवाला घोर. सुट्टे नाहीत म्हणून पाच-दहा रुपयांऐवजी हातात गोळ्या टेकवायच्या. ‘माझ्या पोराचे दात टोलनाक्यानं किडवले,’ असे एक काळी-पिवळीवाला म्हणायचा. दांडगाई होतीच, नाक्यावरच्या पोरांशी हमरीतुमरी, कधी मारामारी. ती बरीच थांबली. आणि रांगा! दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून गावी येणारी मंडळी नाक्यावरच्या रांगेत चिवडा संपवून यायची. सरकारी आकडे सांगतात की, २०१८-१९ मध्ये नाक्यावर सरासरी आठ मिनिटे थांबावे लागे, ते टॅगमुळे ४७ सेकंदांवर आले. सरासरीत आमची वीस मिनिटे कुठल्या कुठे विरघळून गेली असतील. तरी आकडा खोटा म्हणवत नाही. फरक डोळ्यांना दिसतो.

ही कल्पना मुळात रांगेसाठीच निघाली. विल्यम विक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९५९ मध्येच वॉशिंग्टन शहरासाठी सुचवले होते की, प्रत्येक मोटारीला एक इलेक्ट्रॉनिक खूण लावा, चौकाचौकात तिची नोंद घ्या आणि महिनाअखेर बिल पाठवा. तेव्हा कोणी मनावर घेतले नाही. १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झाले आणि तीन दिवसांत ते वारले. त्यांचे नोबेल या कल्पनेसाठी नव्हते, पण तिचीही आठवण काढली गेली. तोवर नॉर्वेत अशी वसुली सुरू झालेली होती आणि १९९८ मध्ये सिंगापूरने शहरभर कमानी उभ्या केल्या. आपल्याकडे २०१४ मध्ये मुंबई-अहमदाबाद मार्गावर सुरुवात झाली, डिसेंबर २०१७ पासून नव्या गाड्यांना टॅग सक्तीचा झाला आणि बऱ्याच मुदतवाढींनंतर १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्री राष्ट्रीय महामार्गांवरच्या सगळ्या रांगा टॅगच्या झाल्या. टॅग नसेल तर दुप्पट. त्या आठवड्यात नाक्याजवळ छत्र्या लावून टॅग विकणारी पोरे बसली होती. पेरूच्या गाडीशेजारी फास्टॅगची गाडी.

महाराष्ट्रात टोल हा निव्वळ वाहतुकीचा विषय कधीच नव्हता. कोल्हापूरकरांनी शहरातल्या टोलविरुद्ध वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरून तो घालवला. २०१५ मध्ये राज्याने बारा नाके बंद केले आणि त्रेपन्न नाक्यांवर मोटारी, जीप व एस.टी.ला सूट दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल गेला. या सगळ्यामागे एकच संशय होता: किती गाड्या गेल्या आणि किती पैसा जमला, हे खरे कोणाला माहीत? टॅगमुळे निदान मोजणी पावतीबुकातून बाहेर आली. माझ्या मते हा त्याचा रांगेपेक्षाही मोठा फायदा. मोजलेला आकडा लोकांपुढे किती येतो, हे मात्र यंत्राच्या हातात नाही.

टपरीवरच्या तक्रारींत एक मजेदार होती. गोकुंद्याच्या एका शिक्षकमित्राची मोटार अंगणात आंब्याखाली उभी. दुपारी जेवताना फोन वाजला, अमुक नाक्यावर इतके रुपये कापले. बाहेर येऊन पाहतो तो गाडी जागेवर, बॉनेटवर मांजर झोपलेले! कुणीतरी हाताने गाडीचा नंबर टाकताना एक आकडा चुकवला असावा. बँकेकडे तक्रार केली. पैसे परत आले, पण महिन्याने, आणि त्यात फोनवर ऐकावे लागलेले संगीत वेगळे. त्याने हट्टाने पाठपुरावा केला म्हणून आले. छोटा हत्ती चालवणारा पोरगा काय करील? त्याचा दिवस फोन कानाला लावून बसण्यात गेला तर भाडे बुडते. त्याच्या गाडीला कधी मोटारीचा दर लागतो तर कधी मोठ्या टेम्पोचा; तो म्हणतो, ‘जाऊ द्या सर, कुठं कुठं भांडू?’

आणि भांडण्यासारखे नियम आहेत, हेच पुष्कळांना ठाऊक नाही. टॅग चालू आहे, त्यात पैसे आहेत आणि नाक्याचेच यंत्र बिघडले, तर गाडी फुकट सोडायची, शून्य रकमेची पावती द्यायची, असा नियम २०१८ पासून आहे. चोवीस तासांत परतलात तर दोन्ही वेळचे मिळून एका वेळच्या दीडपट लागते. १०३३ हा महामार्गाचा मदतीचा नंबर. मी हे एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून टपरीवर टांगले. दोन दिवसांनी पाहिले तर पुठ्ठ्याच्या कोऱ्या बाजूवर ‘उधार बंद’ लिहून तो उलटा लावलेला.

त्या टपरीवरच, आक्काला आणून महिना उलटल्यावर, मला ती गोष्ट कळली. आमच्या ड्रायव्हरने स्वतः सांगितली नाही. त्याच्या दोस्ताच्या तोंडून निघून गेली. त्या रात्री दोन नाक्यांवर भरलेली दुप्पट रक्कम मालकाने त्याला दिलीच नाही. म्हणाला, मी पैसे भरले होते, टॅगमधून वेगळे गेले असते, तू रोख का दिलीस? निघण्याआधी बघायचे काम तुझे. ट्रिपमागे त्याला पाचशे रुपये मिळायचे. रात्रभर जागून साडेतीनशे किलोमीटर गाडी हाकली त्या खेपेला त्याच्या हातात जवळजवळ काही उरले नव्हते. आणि मी? मी मालकाला ठरलेले भाडे चुकते केले होते, वर आभारही मानले होते. टोलचे काय झाले, असा प्रश्न मला, प्रश्न न सोडणाऱ्या मास्तरला, पडलाच नव्हता. पैसे नाक्यावर का दिसले नाहीत, हे मी महिनाभर शोधत होतो. ते कोणाच्या खिशातून गेले, हे विचारले नव्हते.

मी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात बंब पेटवत होता. पाकीट पुढे केले तर हात मागे. ‘सर, आक्का वाचल्या. मिटलं.’

‘तुझी मजुरी आहे ती.’

‘मालकानं द्यायची. तुम्ही कशाला?’

‘मग मालकाशी बोलू?’

‘नका बोलू. उद्यापास्नं गाडी दुसऱ्याला देईल.’

शेवटी त्याच्या आईने पाकीट घेतले. म्हातारी म्हणाली, ‘मास्तर देतेत तर घ्यावं. शाळंत असताना ऐकलं नाहीस, आता तरी ऐक.’

मालकाशी मी बोललो. महिना गेल्यावर, आणि त्या रात्रीचे नाव न काढता. एवढेच सुचवले की, टॅगला जोडलेला फोननंबर ड्रायव्हरचा ठेवा, किंवा निदान शिल्लक किती ते त्याला पाहता येईल असे करा. मालक माणूस वाईट नाही; त्याचीही गाडी बँकेच्या हप्त्यावर आहे. तो म्हणाला, नंबर त्याचा दिला तर गाडी कुठे आहे ते मला कसे कळणार? यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आता एवढे झाले आहे, की निघण्याआधी तो शिल्लक किती त्याचा फोटो काढून ड्रायव्हरला पाठवतो. न सांगता पाठवतो.

काही गोष्टी मधल्या काळात सुधारल्या. १५ नोव्हेंबर २०२५ पासून, टॅग नसला वा चालला नाही आणि फोनवरून पैसे भरले, तर दुपटीऐवजी सव्वापट असा बदल झाला. त्याआधी १५ ऑगस्टला वार्षिक पास निघाला, तीन हजार रुपयांत दोनशे फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. माझ्या गोकुंद्याच्या मित्राने पहिल्याच आठवड्यात घेतला. टपरीवर त्याने तो अभिमानाने दाखवला तेव्हा ड्रायव्हर मंडळींनी कौतुकाने पाहिला आणि परत दिला. पास फक्त खासगी मोटारींना. भाड्याच्या गाड्यांना नाही. शिवाय आता नाक्यावर दांडाच नसेल, गाडी वेगात जाईल आणि कॅमेरा नंबर टिपेल, असे म्हणतात. गुजरातेत चोर्यासीच्या नाक्यासाठी तसा करार ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. दांडा नसेल तर वादही नसेल, असे मित्र म्हणतो. कापसाच्या गाडीवाला म्हणतो, ‘म्हणजे कापले ते तिथं कळणारच नाही. घरी आल्यावर कळंल.’

आक्काला वर्षातून एकदा तपासणीला न्यावे लागते. गाडी तीच, ड्रायव्हर तोच. सूर्य उगवायच्या आत निघतो, निर्मलच्या अलीकडे घाटात चहा घेतो. नाका दिसू लागला की तो वेग कमी करतो, उजव्या हाताने काचेवरची पट्टी एकदा अंगठ्याने दाबून बघतो, आणि दिव्याकडे नजर लावतो. गाडीत कोणी बोलत नाही.

‘वाजलं का रे?’ मागून आक्का विचारते.

‘वाजलं आक्का.’

मग ती पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढते. पहिला त्याला.